शेल्टरवरची कोथिंबीर

पुण्याहून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला ते टेकाडच वाटलं. घरामागच्या अंगणात, कुंपणाला लागून, माझ्या छातीपर्यंत येणारं. वर गवत माजलेलं, आणि एका बाजूने जमिनीत उतरणाऱ्या तीन पायऱ्या. पायऱ्यांच्या टोकाला मिट्ट काळोख. मी वाकून बघायला गेले तशी आईने दंडाला धरून मागे ओढलं. "जनावर असेल आत." आमच्या घरात सापाचं नाव घेत नसत.

बाबा हसायला लागले. "अगं, शेल्टर आहे ते. अँडरसन शेल्टर."

युद्धात भोंगा वाजला की घरातल्यांनी त्यात जाऊन बसायचं. पन्हळी पोलादी पत्र्याचे चौदा तुकडे नटबोल्टांनी जोडलेले, साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. चार फूट खड्डा खणायचा, हे त्यात उभं करायचं आणि वरून निदान पंधरा इंच माती लोटायची. बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे मापं त्यांना तोंडपाठ. "या वसंतात काढून टाकू," असंही त्याच दिवशी म्हणाले. ते तिथे आणखी एकोणीस वर्षं राहिलं.

ही गोष्ट १९५९च्या ऑक्टोबरातली, वेम्बलीच्या दक्षिणेला आल्पर्टनमधली. आज तो भाग लंडनच आहे, पण तेव्हा पत्त्यात मिडलसेक्स लिहायचं. बाबा दोन वर्षं आधी आले होते आणि विल्सडनला एका खोलीत राहत. तिथली गॅसची शेगडी मीटरमध्ये शिलिंग टाकल्याशिवाय पेटत नसे. खोली शोधायची म्हणजे पेपरवाल्याच्या दुकानाच्या काचेवर लावलेली कार्डं वाचायची. बऱ्याच कार्डांवर शेवटी एक ओळ असायची की काळ्यांनी येऊ नये. बाबा हे चेहरा कोरा ठेवून सांगायचे आणि पुढे जोडायचे, "निदान बसचं भाडं वाचायचं." घरासाठी कर्ज कसं उभं केलं ती वेगळीच कथा, आणि ती त्यांनी पूर्ण कधी सांगितलीच नाही. आई, दादा आणि मी बॅलार्ड पियरवरून बोटीने आलो, टिलबरीला उतरलो. जवळजवळ तीन आठवड्यांचा तो प्रवास. त्या प्रवासाबद्दल माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी लिहून झालंय, मी सोडून देते.

गल्लीत सगळी जुळी घरं. एकाच भिंतीला दोन बाजूंनी दोन घरं टेकलेली, पुढे अर्धगोल खिडकी, भिंतीवर खडी थापलेली, दाराच्या काचेत रंगीत उगवता सूर्य. प्रत्येक घरापुढे हातरुमालाएवढी बाग आणि तिला प्रिव्हेटचं कुंपण, आपल्याकडे मेंदीचं असतं तसं, कात्रीने सरळ रेषेत कापलेलं. सगळं इतकं नीटनेटकं आणि स्वतःवर खूश की माझी समजूत झाली, ही गल्ली शेकडो वर्षं अशीच असणार. इंग्लंड म्हणजे जुनं, एवढं तर मला ठाऊक होतं.

ती समजूत शेजारच्या बाईंनी मोडली. आई त्यांना घरात मडमबाई म्हणायची, तेच नाव आम्हाला चिकटलं, आणि त्यांच्या तोंडावर मात्र आम्ही 'आन्टी' म्हणत असू. मडमबाई १९३४ साली लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा भिंतींचा गिलावा ओला होता आणि गल्लीचं पुढचं टोक बांधायचं राहिलं होतं. त्याआधी इथे गवताची कुरणं. लंडनच्या घोड्यांना लागणारं गवत मिडलसेक्समधून जायचं. मग घोडे गेले, भुयारी रेल्वेची लाइन आली, आणि कुरणांचे तुकडे पाडून बिल्डरांनी घरं विकली. "आम्ही आलो तेव्हा पलीकडचा शेतकरी आम्हाला बघून थुंकायचा," त्या मजेत सांगायच्या. म्हणजे बाबा त्या गल्लीपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे होते. आमचा पुण्यातला वाडा तर तिचा खापरपणजोबा शोभला असता.

मडमबाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या ते हातात पेटत्या कोळशाचं फावडं घेऊन. आम्ही आलो त्याच संध्याकाळी. घर महिनाभर बंद होतं, भिंतींना ओल, आणि बाबा फायरप्लेससमोर गुडघे टेकून काड्यापेटी संपवत बसलेले. दार वाजलं. दारात एक उंच, हडकुळी गोरी बाई, डोक्याला रुमाल, आणि पुढे धरलेल्या लोखंडी फावड्यात लालभडक निखारे. ती सरळ आत आली, निखारे जाळीवर ओतले, वर चार कोळसे रचले आणि काहीतरी बोलून निघून गेली. दादाला इंग्रजी थोडं यायचं, पण त्यालाही ते कळलं नाही. आईला मात्र सगळं कळलं. "विस्तव घेऊन आली गं," ती म्हणाली, आणि बोटीवर चढल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडला. तिच्या आजोळी चूल विझली की पोरीबाळी शेजारून खापरीत विस्तव आणायच्या.

कोळसा आईला नवा नव्हता. शेगडीवर रांधणं आणि बंबात ढलप्या घालणं यात तिचं बालपण गेलेलं. त्यामुळे फायरप्लेस बघून तिने जो निकाल दिला तो माहीतगाराचा होता: "नव्वद टक्के ऊब आभाळाला, दहा टक्के आपल्याला." खरंच होतं ते. पुढून चटके बसत आणि पाठ गारठलेली. बाकीच्या खोल्यांत तर खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी चढायची.

पेटवण्याची विद्या मडमबाईंनी शिकवली. पेपरची पानं पिळून त्यांच्या गाठी करायच्या, त्यावर काटक्या, त्यावर हाताने निवडलेले छोटे कोळसे. काडी लावली की पेपरचं एक मोठं पान उघडून फायरप्लेसच्या तोंडावर दोन्ही हातांनी ताणून धरायचं. मग हवा फक्त खालून ओढली जाते. आधी काहीच होत नाही, मग पानामागे गुरगुर सुरू होते, पान आत खेचलं जातं, उजेडाने मागची छपाई पुढून दिसायला लागते. पानाच्या मध्यावर तपकिरी डाग उमटला की बाजूला घ्यायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की पान पेटलंच. हे काम माझं होतं. सात वर्षांच्या मुलीला आज कुणी हे करू देईल का, माहीत नाही. माझ्या उजव्या भुवईत एक टिचभर जागा अजून मोकळी आहे.

टेकाडावरचं गवत आईने पहिल्याच वसंतात उपटलं आणि तिथे धणे पेरले. उतारावर ऊन चांगलं यायचं, पाणी साचत नसे. डाळी, हळद, हिंग युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर मिळायचं, पण कोथिंबीर? मडमबाईंनी पान चुरगळून हुंगलं आणि सभ्यपणाने म्हणाल्या, "साबणासारखा वास आहे." पण दर रविवारी दोन-तीन मराठी घरची माणसं आमच्याकडे यायची ती जाताना कागदात गुंडाळलेली जुडी घेऊन जायची. युद्धात याच शेल्टरवर लोक कोबी आणि वाटाणे लावायचे, असं मडमबाईंनी सांगितलं. आमच्या आधीच्या मालकीणबाईंची इथे आंबट देठांची ऱ्हुबार्ब होती म्हणे.

शाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण शाळा सगळीकडे सारख्याच असतात. रोज सकाळी सरकारकडून एक तृतीयांश पाइंट दुधाची इवली बाटली मिळायची. ती वर्गातल्या गरम पाइपाशेजारी ठेवल्याने कोमट व्हायची आणि तसंच ते प्यावं लागायचं. मात्र जेवणातला गोड पदार्थ सांगायलाच हवा. एक दिवस ताटलीत साबुदाणा! दुधात शिजवलेला, गिळगिळीत, मध्ये जॅमचा ठिपका. सगळी मुलं नाक मुरडत 'बेडकाची अंडी' म्हणून ओरडत होती. मला इतका आनंद झाला की मी दोनदा मागून घेतला, आणि त्यानंतर कित्येक महिने 'बेडकाची अंडी खाणारी' ही माझी ओळख झाली. घरी आईने विचारलं, "वेलदोडा घातलेला का?" मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मुलांचं बरोबर आहे."

आता धुराचं.

१९६२च्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, चार दिवस धुकं पडलं. धुकं कसलं, पिवळट काळा लगदाच. शाळेतून येताना दादाने माझा हात धरला होता, आणि हात दिसत होता पण दादा दिसत नव्हता. बसच्या पुढे कंडक्टर टॉर्च घेऊन चालत होता. घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमालावर काजळ. मडमबाई त्या चार दिवसांत घराबाहेर पडल्या नाहीत, आणि खिडक्यांच्या फटींत त्यांनी ओले टॉवेल कोंबले होते. दहा वर्षांपूर्वीच्या, १९५२च्या डिसेंबरातल्या त्या कुप्रसिद्ध पाच दिवसांत त्यांच्या नवऱ्याच्या छातीने जी कच खाल्ली ती सावरलीच नाही. जानेवारीत ते गेले. तेव्हा सरकारी हिशेबानेच लंडनमध्ये सुमारे चार हजार माणसं मेली होती, आणि त्यातून १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला.

त्या कायद्याने एकेक भाग 'धूरबंदी'खाली आणला जायचा. आमच्या गल्लीची पाळी आली तेव्हा मी दहा वर्षांची असेन. आधी छापील नोटीस आली: अमुक तारखेपासून या भागात चिमणीतून धूर निघाला तर गुन्हा. कोळसा बंद. कोक (म्हणजे भाजून धूर काढलेला कोळसा), बिनधुराचं इंधन, गॅस किंवा वीज वापरा. फायरप्लेस बदलण्याच्या मंजूर खर्चाच्या दहातले सात भाग परत मिळतील, तीन तुमचे. मग एक सभ्य गृहस्थ टेप आणि वही घेऊन आले, प्रत्येक खोलीतली शेकोटी मोजली, आईने दिलेला चहा उभ्यानेच प्यायले. मग अर्ज, मग गॅसवाल्याकडून खर्चाचा अंदाज, मग मंजुरीची वाट. इथे बाबांनी घाई केली. हिवाळा तोंडावर आला म्हणून मंजुरीचं पत्र हातात पडण्याआधीच मागच्या खोलीत गॅसची शेकोटी बसवून घेतली. नियम स्पष्ट छापलेला होता, बाबांनी तो वाचलाही होता. त्या खोलीचे दहाच्या दहा भाग आमचे. आयुष्यभर मापं अचूक काढणारा माणूस या एका गोष्टीवरून आईकडून पुढची पंधरा वर्षं ऐकून घेत राहिला.

मला वाटलं होतं, मडमबाई खूश होतील. त्या अर्ज भरायलाच तयार नव्हत्या. "त्यांना धुराने नेलं," त्या आईला म्हणाल्या, "शेकोटीने नाही." त्यांच्या मनात ही दोन वेगळी खाती होती. धूर बाहेरचा, कारखान्यांचा, कुणाकुणाचा. शेकोटी त्यांची. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री त्यांनी आम्हाला बोलावलं, उरलेला सगळा कोळसा रचला आणि आम्ही मध्यरात्रीपर्यंत त्या आगीसमोर बसलो. दुसऱ्या दिवशी तिथे कोक जळत होता, निळसर, बिनआवाजाचा. कोळसा तडतडतो, फुसफुसतो, मधेच एखादा निखारा गालिच्यावर उडवतो. कोक नुसता लाल होऊन बसतो.

हवा खरोखर सुधारली. दोन-तीन वर्षांत दोरीवरचे कपडे वाळत घातले होते त्याच रंगाचे आत यायला लागले. पण ज्या सरकारने धुरासाठी आमच्या शेकोट्या मोजल्या त्याच काळात विजेवरच्या ट्रॉलीबस काढून डिझेलच्या गाड्या आणल्या गेल्या, हे गणित मला आजही सुटलेलं नाही. आमच्या हाय रोडवरून ६६२ नंबरची ट्रॉलीबस जायची, सडबरीहून पॅडिंग्टन ग्रीनपर्यंत. आवाज नाही, धूर नाही, फक्त डोक्यावरच्या तारांची सळसळ. वळणावर कधी दांडे तारेवरून सुटले की कंडक्टर खाली उतरून गाडीच्या पोटातून एक लांबलचक बांबू ओढून काढायचा आणि त्याने दांडे परत तारेला लावायचा. वेम्बलीत बांबू! तो बघायला मिळावा म्हणून मी दर वळणावर देवाची प्रार्थना करायचे. २ जानेवारी १९६२ हा तिचा शेवटचा दिवस. दादा मला थंडीत ईलिंग रोडने चालवत हाय रोडपर्यंत घेऊन गेला. लोक तिकिटं जपून खिशात ठेवत होते. दुसऱ्या दिवसापासून १८ नंबरची लाल डिझेल बस धडधडत यायला लागली.

त्याच वर्षीच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला तो मार्चपर्यंत हटला नाही. नळ गोठले, दुधाच्या बाटल्यांतली साय गोठून चकचकीत टोपणासकट दोन बोटं वर आली. आल्पर्टनच्या कालव्यात मालाच्या होड्या आठवड्यानुआठवडे बर्फात अडकून पडल्या. बर्फ वितळला, पण तो धंदा परत फारसा उभा राहिला नाही, आणि सरकारी कालवा खात्याने त्याच वर्षी आपल्या बहुतेक होड्या धंद्यातून काढून घेतल्या. आमचं टेकाड त्या तीन महिन्यांत गल्लीतल्या मुलांची घसरगुंडी झालं होतं. माझ्याशी न बोलणारी मुलंसुद्धा 'घसरायला येऊ का' विचारायला दारात यायची. दादाने माणशी एक पेनी घ्यायला सुरुवात केली, ती आईने बंद पाडली.

१ एप्रिल १९६५ला आमचं गावच बदललं. वेम्बली आणि विल्सडन एक होऊन ब्रेंट नावाचा लंडनचा बरो, म्हणजे कारभाराचा विभाग, झाला. तारीख बघून मडमबाई म्हणाल्या, "एप्रिल फूल असणार." त्यांनी शेवटपर्यंत पाकिटावर मिडलसेक्सच लिहिलं. पत्रंही पोचत राहिली.

१९६६च्या ३० जुलैला वेम्बली स्टेडियमवर फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. स्टेडियम आमच्या घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटर, तिकिटाची बातच नाही. मडमबाईंकडे टीव्ही होता, आमच्याकडेही आला होता, पण सामना एकट्याने बघायचा नसतो म्हणून त्या आमच्याकडे आल्या. खिडक्या उघड्या होत्या. आणि मग तो चमत्कार. टीव्हीवर गोल व्हायचा, टीव्हीतली माणसं ओरडायची, आम्ही ओरडायचो, आमचं ओरडून संपत यायचं, आणि तेव्हा खिडकीतून खरा आवाज पोचायचा, लाटेसारखा, खोल. जवळजवळ सत्याण्णव हजार माणसांचा. बाबांनी घड्याळ लावून मोजलं. सहा सेकंद. मग कागदावर ध्वनीचा वेग मांडून अंतर काढलं आणि सामना सोडून आम्हाला ते समजावत बसले. चौथा गोल त्यांचा त्यात हुकला.

गल्ली कधी बदलली ते नेमकं सांगता येत नाही. आल्पर्टन स्टेशनवर एक सरकता जिना होता, १९५१च्या साउथ बँकच्या प्रदर्शनातून आणून बसवलेला. तो फक्त वर जायचा, उतरायचं स्वतःच्या पायांनी. गल्लीचं तसंच काहीसं झालं. माणसं येताना दिसायची, जाणारी नकळत जायची. आधी वळणावरच्या घरावर 'विकणे आहे'ची पाटी. मग त्याच्या समोरच्या. तरुण जोडपी आणखी लांब, जिथे कुरणं अजून शिल्लक होती तिथे निघाली. १९६७-६८मध्ये केनियाहून गुजराती कुटुंबं यायला लागली. १९६८च्या एप्रिलात खासदार इनॉक पॉवेल यांचं बाहेरून येणाऱ्यांविरुद्धचं बर्मिंगहॅमचं भाषण गाजलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी, ज्या मुलाबरोबर मी लहानपणी नोव्हेंबरातल्या होळीत जाळायचं 'गाय फॉक्स'चं बुजगावणं ढकलगाडीत घालून गल्लीभर पेन्या गोळा केल्या होत्या, त्याने बसस्टॉपवर मला विचारलं, "मग तुम्ही परत कधी जाणार?" आवाजात द्वेष नव्हता. सुट्टीत कुठे जाणार विचारावं तसं विचारलं. मी "माहीत नाही" म्हणाले, आणि अजून मला त्या उत्तराची लाज वाटते. राग त्याचा नाही येत, माझाच येतो.

१९७२च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. इंग्लंडमध्ये सुमारे अठ्ठावीस हजार माणसं आली, आणि त्यातली बरीच वेम्बलीकडे वळली, कारण नात्यागोत्याचं कुणी ना कुणी आधीच इथे होतं. ईलिंग रोडवर खाटकाच्या आणि लोखंडी सामानाच्या दुकानांमध्ये पहिलं गुजराती वाणसामानाचं दुकान उघडलं, मग दुसरं, मग साड्यांचं, मग मिठाईचं. भेंडी आली, मेथी आली, गवार आली. आणि एका शनिवारी बाहेर लाकडी खोक्यात, पाणी शिंपडलेल्या, कोथिंबिरीच्या जुड्या! आई थबकली. जुडी उचलून हुंगली, किंमत विचारली, आणि जशीच्या तशी ठेवून दिली. "वासच नाही," असं म्हणाली. वास होता. घरी येऊन ती टेकाडाशी बराच वेळ उभी राहिली. तेरा वर्षं तिच्या कोथिंबिरीला वेम्बलीत जोड नव्हती.

त्याआधी एकदा मात्र आईने सगळ्या गल्लीवर बाजी मारली होती. १५ फेब्रुवारी १९७१. त्या दिवशी इंग्लंडचा बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पाउंड गेला आणि शंभर पेन्सचा पाउंड आला. महिनाभर आधीपासून म्हाताऱ्या माणसांची झोप उडालेली. मडमबाई तर ठामपणे म्हणत होत्या की ही दुकानदारांची लुटायची युक्ती आहे. आईला हसू येत होतं. ती बारा पैचा आणा, सोळा आण्यांचा रुपया यात वाढलेली. १९५७च्या एप्रिलात आपल्याकडे नये पैसे आले ते तिने मंडईत उभं राहून पचवले. दोन वर्षांत इथे आली तर परत बारा आणि वीस! मडमबाईंना तिने स्वयंपाकघरात बसवलं, टेबलावर नाणी मांडली. शिलिंग, ज्याला सगळे 'बॉब' म्हणत, म्हणजे पाच. सहा पेन्सचं नाणं म्हणजे अडीच. नव्या नाण्यांवर 'न्यू पेन्स' असं छापलेलं होतं. आईने डब्यातून एक जुनं भारतीय नाणं काढलं आणि त्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "सेम," ती म्हणाली. "नये पैसे. न्यू पेन्स. आम्ही आधी." त्यानंतर आठवडाभर मडमबाई दुकानातून आल्या की सुटे पैसे आईपुढे ओतायच्या आणि आई हिशेब तपासून द्यायची. तिचं इंग्रजी तोपर्यंतही चारचौघांत बोलण्याइतकं धीट झालं नव्हतं. आकड्यांत मात्र ती कुणाला हार जाणारी नव्हती.

१९७५मध्ये मडमबाई घर विकून वर्दिंगला समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेल्या. निखाऱ्यांचं ते फावडं त्यांनी आईला दिलं. आमच्याकडे निखारे उरले नव्हते, त्यांच्याकडेही नव्हते. त्यांचं घर कंपालाहून आलेल्या दोन भावांनी मिळून घेतलं. दोघं भाऊ, दोघींही जावा, चौघं कामाला जाणारे, घरात तीन मुलगे आणि एक आजी. माणसं फार गोड. पण आल्यावर दुसऱ्याच रविवारी त्यांनी पुढचं प्रिव्हेटचं कुंपण मुळासकट उपटलं, बागेवर सिमेंट ओतलं आणि तिथे गाडी उभी केली.

आई खिडकीतून बघत होती. "काही कळत नाही या लोकांना," ती म्हणाली. "शंभर वर्षांचं कुंपण!"

"एक्केचाळीस," बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

आमचं घर १९७८ला विकलं. दादाचं लग्न झालं होतं, मी लीड्सला नोकरीला होते, आणि आईबाबांना जिने नकोसे झाले होते. घेणाऱ्याने एकच अट घातली की मागचं ते टेकाड काढून द्यायचं. मी दोन दिवसांची रजा टाकून आले. शेजारचे तिघे मुलगे आपणहून मदतीला आले. वरची माती फावड्यांनी ओढली, कोथिंबिरीची मुळं मातीबरोबर गेली. नटबोल्ट गंजून एकजीव झालेले, ते कापावे लागले. आतल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी निघालं, एक फुटकी किटली निघाली, आणि दादाची घसरगुंडीची पाटी, जी तो चोरीला गेली म्हणून सोळा वर्षांपूर्वी रडला होता. तिघांतल्या धाकट्याने विचारलं, "हे नेमकं काय होतं?" मी सांगितलं. त्याने पन्हळी पत्र्यावर बोटांनी टकटक केली, आणि "यात बसून बॉम्बपासून वाचायचं?" असं म्हणून मोठ्याने हसला.

भंगारवाला संध्याकाळी ट्रक घेऊन आला. मी लहान होते तेव्हा घोडागाडी घेऊन, हातातली घंटा वाजवत यायचा तोच, आता पार म्हातारा. पत्र्यांकडे बघून त्याने दहा शिलिंग सांगितले, जुन्या सवयीने. आई मंडईत शिकलेली. तिने मान फिरवली आणि घरात जायला लागली.

"फिफ्टीन बॉब, लव्ह," तो मागून ओरडला.

"सेव्हन्टी-फाइव्ह न्यू पेन्स," आई वळून म्हणाली, आणि हात पुढे केला.